नर्मदेचे पाणी आणि देवळातला बंब

आम्ही इंदूरकर मराठी माणसे पाण्याविषयी बोलू लागलो म्हणजे आमच्या बोलण्यात नकळत थोडा अभिमान येतो. होळकरांच्या काळातला यशवंतसागर आणि बिलावलीचा तलाव वाढत्या शहरास पुरेनासे झाले, तेव्हा १९७० साली या गावाने नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन उभारले. पुढे १९७८ साली मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटरचे अंतर आणि विंध्याचा चढ ओलांडून ते पाणी शहरात आले. ज्या नदीच्या काठी, महेश्वरास, अहिल्याबाईंनी राज्य केले तिचेच पाणी आज उपनगरातल्या घरी पितळी हंड्यात पडते. यामुळे आमच्याकडील वृद्ध मंडळी नळ सोडताना अजूनही ‘नर्मदे हर’ म्हणतात.

राजवाड्याभोवतीचे जुने वाडे सोडून आमच्यापैकी पुष्कळ कुटुंबे उपनगरात येऊन राहिली. वाड्यात विहीर एक, चौक एक, आणि केरकचऱ्याची चिंता ही कुणा दुसऱ्याची. उपनगरात ती प्रत्येकाच्या दारी आली. सकाळी गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी येते आणि आमच्या गृहिणी देवपूजा आटोपून डबे हाती घेऊन फाटकाशी उभ्या राहतात. ओला, सुका, प्लॅस्टिक, स्वच्छतेच्या वापराचे कपडे व लंगोट, औषधे-रसायनांसारखा घातक, आणि निकामी विजेची उपकरणे असे सहा भाग घरातच करावयाचे असतात. आरंभी कित्येक घरांत यावरून सोवळ्या-ओवळ्याचा वाद झाला. उष्टेखरकटे वेचून वेगळे करणे हे आपले काम नव्हे, असे म्हणणारे होतेच. परंतु न वेचता फेकलेले ते खरकटे दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी वेचले जाई, ही गोष्ट त्या वादात कुणी बोलत नसे. आमच्या मते सोवळ्याची खरी परीक्षा तेथेच होती.

शहराबाहेर देवगुराडियाची टेकडी आहे. तेथील शिवमंदिर आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच परिसरात वर्षानुवर्षे साऱ्या शहराचा कचरा साठत गेला आणि त्याचे डोंगर झाले. सुमारे १०० एकरांवरील अंदाजे १३ लाख टन जुना कचरा २०१८ पर्यंत उपसून निकालात काढला गेला, आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा कारखाना सुरू झाला. त्या वायूवर शहरातील बसगाड्या धावतात. म्हणजे आपल्या घरची भाजीची देठे अखेर आपल्यालाच बाजारात पोचवितात म्हणावयाचे! मात्र ओल्या डब्यात काच किंवा प्लॅस्टिक गेले तर ही सारी यंत्रणा अडते.

देवळाच्या निर्माल्याचेही हेच आहे. खजराण्याच्या गणपतीकडे येणाऱ्या फुलांचे खत होते. आमच्या वसाहतीतील दत्तमंदिर लहान, परंतु गुरुवारी हारांचा ढीग तेथेही पडतो. हारातील दोरा व जर आधी ओढून काढावी. फुले, दूर्वा, बेल यांचे खत सहज होते. नारळाच्या शेंड्या व करवंट्या त्यांत घालू नयेत, त्या लवकर कुजत नाहीत. महाप्रसादास खऱ्या पानांच्या पत्रावळी आणाव्यात. आतून चकचकीत अस्तर असलेल्या कागदी थाळ्या दिसावयास देखण्या, पण त्या ना ओल्यात बसत ना सुक्यात. समईतील उरलेले तेल मोरीत ओतू नये. फुटलेली काच व जुनी पाती जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावीत, कारण गाडीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात त्यांवर पडतो.

२०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदुराचे नाव वर्षामागून वर्ष घेतले गेले. रंगपंचमीची गेर निघून गेल्यावर काही तासांत राजवाड्याचा रस्ता लख्ख झालेला आम्ही पाहिला आहे. सराफ्यातील रात्रीचा खाऊबाजार उठल्यावरही तेच. असे असता २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा या वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले आणि कित्येकांचे प्राण गेले. गंगा आणणाऱ्या भगीरथाचे नाव धारण करणाऱ्या वस्तीत हे घडावे! रस्त्यावरील घाण सर्वांस दिसते. भूमीखाली दोन नळ शेजारून जातात, एक पाण्याचा आणि एक मैल्याचा, त्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही.

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण ती ठाऊक नसल्याने चांगल्या घरांतूनही घोटाळा होतो. शहराच्या पुष्कळ भागांत पाणी एक दिवसाआड व थोडा वेळ येते. मधल्या काळात नळ रिकामा असतो. त्याच्या सांध्यास कोठे भेग असली तर भोवतालची ओल आत शिरते. त्यात कुणी घरच्या नळास थेट पंप जोडून पाणी खेचले, की ओढ अधिकच वाढते आणि शेजारच्या गटारातील घाण आत येऊ शकते. म्हणून नळास थेट पंप लावू नये. पाणी आधी हौदात पडू द्यावे आणि तेथून वर चढवावे. पाणी येताच आरंभीचे काही वेळ वाहू द्यावे. हौदाचे झाकण घट्ट असावे आणि हौद वर्षातून दोनदा तरी रिकामा करून घासावा. आपल्या घराची नळी गटारातून गेली आहे काय, हे स्वतः वाकून पाहावे. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, आणि ते तपासण्याचा साधा संच बाजारात मिळतो. वास वा रंग बदलला तर इंदूर ३११ या सोयीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, आणि तोवर पाणी खळखळून उकळून प्यावे.

हा उकळण्याचा प्रश्न आमच्या देवळात आला, तेव्हा मात्र तो सोपा राहिला नाही. तीर्थ तर प्रत्येकाच्या तळहातावर पडते. लेकुरवाळ्या बाया तेच लहानग्यांच्या ओठांस लावतात. काही विश्वस्तांचे म्हणणे असे, की सोवळ्यात भरलेल्या नर्मदेच्या पाण्यावर अविश्वास दाखविणे बरे नव्हे. दुसरे म्हणत, भागीरथपुऱ्यातील पाणीही नर्मदेचेच होते. नदीचे पावित्र्य आणि नळीची भेग या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या मंडळींचे म्हणणे आम्हांस पटले. तरी बैठक तासभर लांबली. शेवटी पुजारी गुरुजी, जे एरवी फारसे बोलत नाहीत, म्हणाले, “मांगलिक स्नानात देवाला उष्णोदक आहेच. देवाला चालते ते तीर्थाला न चालावयास काय झाले?” यावर कुणास उत्तर सुचले नाही.

अडगळीतला जुना तांब्याचा बंब कल्हई करून आणला आहे. आता पहाटे पाणी उकळून निववावयाचे आणि मगच कळशीत भरावयाचे. घरांनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत. फक्त गुरुवारी गर्दी फार असल्यामुळे बंब दोनदा पेटवावा लागतो, आणि त्या दुसऱ्या खेपेच्या लाकडांचा खर्च कोणत्या खात्यातून काढावयाचा, यावर पुढील बैठक व्हावयाची आहे.