मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी

राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो आणि दुपारी मालवण गाठले. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, ताजी सुरमई खायची, एवढाच आमचा बेत. पण थोरलीने कोल्हापूर सोडतानाच अट घातली होती, "अब्बा, या खेपेला पाण्याखाली जायचं." तिच्या अम्मीच्या कपाळावर आठी पडली. शेवटी ठरले, आधी सामान पाहू, मग बोलू.

पहिल्या ठिकाणी दर कमी होता, म्हणून आगाऊ पैसे देऊन बसलो. सकाळी पाहतो तर शिकवणाऱ्याच्या अंगावरचे सगळे नवे कोरे. आणि शिकणाऱ्यांसाठी ठेवलेल्या ढिगात मास्कचे पट्टे चिरलेले, टाकीला श्वास घ्यायचे तोंड एकच. दुसरे का नाही, असे विचारले तर म्हणाला, "मी आहे ना सोबत." आम्ही उठलो. आगाऊ रक्कम गेली. वाईट वाटले; खोटे कशाला बोला!

दुसरीकडचे प्रशिक्षक केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांचे जॅकेट आणि मुलांना देण्याचे जॅकेट एकाच बनावटीचे होते. हवा भरायची नळी डाव्या खांद्यावर, जादा रेग्युलेटर उजव्या बाजूला, पिवळाधमक. आम्ही कारण विचारले. "गढूळ पाण्यात डोळ्यांना नाही दिसलं तरी माझ्या हाताला कळलं पाहिजे, पोराचं बकल कुठे आहे ते. आणि शिकणारा माझ्याकडे बघून शिकतो. माझं एक, त्याचं दुसरं, मग बघणार काय?" त्यांचे जुने झालेले सामान मुलांच्या वाट्याला येत नाही, हेही त्यांनी सहज सांगून टाकले.

टाकी 11 लिटरची. तिच्यात 200 बार दाबाने हवा भरलेली असते; काटा 50 वर येण्याआधी वर यायचे. हा काटा शिकणाऱ्यालाही दिसेल असा लावलेला हवा.

मास्कवर मात्र त्यांनी अर्धा तास घालवला. पोहण्याचा चष्मा इथे चालत नाही, कारण मास्कमध्ये नाकही हवे. खाली जाताना पाण्याचा दाब मास्कला चेहऱ्यावर दाबतो, तेव्हा नाकातून थोडी हवा सोडावी लागते. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. थोरलीचा तिसरा मास्क बसला.

तिच्या अम्मीने मग हळूच स्कार्फचे विचारले. तिथल्या प्रशिक्षक मुलीने घट्ट बसणारी टोपी काढून दिली आणि बजावले, "ताई, कापडाची कड मास्कच्या रबराखाली गेली की पाणी आत शिरलंच." अंगभर वेटसूट तर सगळेच घालतात, तो अंग गरम ठेवतो आणि तरंगवतोही, म्हणून कमरेला शिशाची वजने. आमच्या दाढीचे काय, हा प्रश्न धाकट्याने काढला. मास्कची कड नाकाखाली, वरच्या ओठावर बसते. दाढी तिच्या वाटेत येत नाही, दाट मिशी येते. मिशी बारीक ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांची त्या दिवशी सोय झाली.

उतरण्याआधी दोन गोष्टी घोकून घेतल्या. श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. आणि अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. धाकट्याने बोटीवरच तीनदा चूक केली. त्याला आम्ही बोटीवरच ठेवले.

थोरली किल्ल्यामागच्या खडकांपाशी उतरली. प्रशिक्षकांचा एक हात तिच्या टाकीवर होता. बुडबुडे दिसत होते तोवर तिची अम्मी तस्बीह फिरवत राहिली. वीसेक मिनिटांनी डोके वर आले. डोळ्यांभोवती मास्कचा लाल वळ, आणि बडबड इतकी की निम्मे कळेना. पट्ट्यापट्ट्यांचे मासे, म्हणे, हाताजवळून गेले.

परतल्यावर आम्हाला वाटले, आता निघायचे. पण त्यांनी थोरलीच्या हातात रेग्युलेटर दिला. गोड्या पाण्याच्या पिंपात तिनेच तो धुतला, तोंडाचा रबर जंतुनाशकात बुडवला, जॅकेट सावलीत टांगले. त्यांचे स्वतःचे शेजारच्याच खुंटीवर होते. ज़ोहरची वेळ झाली तेव्हा दोन्हींतून पाणी ठिबकत होते.