पुढचा भाग आपोआप लागतो तेव्हा

सावंगीत (मेघे) आमच्याकडे राहणाऱ्या बाबांचा रक्तदाब काबूत येत नव्हता. गोळ्या वेळेवर, मीठ कमी. झोप मात्र जेमतेम पाच तास. मालिकेचा एक भाग संपला की ॲप काही सेकंदांत पुढचा लावायचे आणि रात्रीचा एक वाजायचा. प्रौढांना रोज किमान 7 तास झोप हवी. सतत कमी झोपेने रक्तदाब वाढतो.

वर्गणी संपल्यावर मी जुन्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडली. घरातल्या डीव्हीडींवरचे मराठी चित्रपट आणि बहिणीच्या लग्नाचे चित्रण त्यात भरले. 'जेलीफिन' हे मोफत सॉफ्टवेअर वायफायवरून ते टीव्हीवर दाखवते. पुढचा भाग आपोआप लावण्याची सोय त्यात बंद करून ठेवली. बातम्यांसाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचे भाडे नाही.

आता चित्रपट संपतो आणि बाबा साडेदहाला झोपायला जातात.

तुम्ही वर्गणी ठेवणार असाल, तरी बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. आजच करा. मात्र झोप सुधारली म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून थांबवू नका.