वसंत दिवसाला शंभर फूट चढतो

वॉशिंग्टनला टायडल बेसिनभोवती चेरी फुलली की आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. हिवाळा संपला, आता ॲपलेशियन ट्रेलवर एक मुक्काम करून यायचंय, कुठला टप्पा धरू? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादा फोटो असतो. मॅकाफी नॉबचा दरीवर झेपावलेला कातळ, नाहीतर ग्रेसन हायलंड्सच्या गवतात मोकळी चरणारी तट्टं. दोन्ही जागा सुंदरच आहेत. पण वसंतासाठी निघायचं आणि निवड जागेपासून सुरू करायची, हे मला उलटं वाटतं. मी आधी तारीख विचारते. त्या तारखेला वसंत डोंगरावर कुठवर पोचलेला असेल याचा अंदाज बांधायचा आणि टप्पा तिथे शोधायचा.

ही वाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनवर सुरू होते आणि मेनमधल्या कटाडिनच्या माथ्यावर संपते. मध्ये १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. खोडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते धरून चालायचं. निळा पट्टा दिसला तर ती फाट्याची वाट, पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणारी. अख्खी वाट एका दमात चालायला पाच-सहा महिने लागतात. नोकरी आणि मुलांच्या शाळा सांभाळून ते जमत नाही, म्हणून आम्ही बहुतेक जण टप्प्याटप्प्यानं चालणारे. त्यात एक मोठी मोकळीक आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे क्रमानं जायचं बंधन आपल्यावर नसतं. ऋतू जिथे असेल तिथे जाता येतं.

ऋतू कुठे आहे हे काढायचं साधन मला एका कीटकशास्त्रज्ञाकडून मिळालं. अँड्र्यू डेल्मार हॉपकिन्स मूळचे वेस्ट व्हर्जिनियाचे. किडीचा त्रास टाळायला गहू कधी पेरावा, अशा अगदी शेतकऱ्याच्या प्रश्नांवर ते काम करत होते. पालवी फुटणं, कळी उमलणं, किडे बाहेर पडणं या घटनांच्या तारखा ताडून १९१८ मध्ये त्यांनी एक नियम मांडला. उत्तरेला एक अक्षांश गेलं की वसंत चार दिवस उशिरा येतो. चारशे फूट वर चढलं की तसाच चार दिवस उशीर. पूर्व-पश्चिमेचाही हिशेब त्यात आहे, पण टप्पा निवडायला हे दोन आकडे पुरतात.

आता हे गणित पायी चालणाऱ्याच्या भाषेत मांडून बघा. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे वसंत दिवसाला अठ्ठावीसेक किलोमीटर उत्तरेला सरकतो. तयारीचा माणूस या वाटेवर दिवसाला जवळपास तेवढंच चालतो! दुसऱ्या महायुद्धातून परतलेले अर्ल शॅफर १९४८ च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघाले आणि ऑगस्टमध्ये कटाडिनवर पोचले. एका दमात सगळी वाट चालल्याची ही पहिली नोंद. त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिलं ‘वॉकिंग विथ स्प्रिंग’. वाट वळणं घेत जाते आणि वसंत सरळ जातो, त्यामुळे माणूस हळूहळू मागे पडतो. 

मला मात्र उंचीचा आकडा जास्त मोलाचा वाटतो. चार दिवसांत चारशे फूट, म्हणजे दिवसाला शंभर फूट. शेनंडोआ नॅशनल पार्कच्या उत्तर टोकाला फ्रंट रॉयल हे गाव सुमारे सहाशे फुटांवर आहे. तिथून स्कायलाइन ड्राइव्हनं स्कायलंडला गेलात की ३,७०० फुटांच्या आसपास पोचता. गाडीनं दीडेक तासाचा रस्ता, पण वसंताच्या हिशेबानं महिनाभर मागे. तोच महिना अक्षांशांत मोजला तर पावणेआठ अंश भरतात, आणि फ्रंट रॉयलहून तेवढं उत्तरेला गेलं तर कटाडिनही मागे पडतो. ही वाट ज्या वसंतासाठी हजारांवर किलोमीटर चालायला लावते, तो आपल्या घराजवळच्या एका चढात दुमडून ठेवलेला आहे. हे ज्याला उमगलं त्याला टप्पा निवडताना कुणाला विचारायची गरज उरत नाही.

म्हणूनच चेरी फुलली की शेनंडोआच्या धारेवर जाऊ म्हणणाऱ्यांना मी थांबवते. टायडल बेसिन समुद्रसपाटीला आहे. धार साडेतीन हजार फुटांवर, म्हणजे पाच आठवडे मागे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर झाडं उघडीबोडकी असतात, सावलीच्या घळीत बर्फ सापडू शकतो आणि रात्री पाणी गोठतं. ज्याला नितळ हवा आणि पानांच्या आड न लपलेल्या दऱ्या बघायच्या आहेत त्यानं खुशाल जावं, तो काळही फार देखणा असतो. फुलं बघायला निघालेल्याची मात्र निराशा होईल.

नियम सरासरीचा आहे, हे विसरायचं नाही. दक्षिणेकडे तोंड करून बसलेला उतार लवकर तापतो, उत्तरेकडचा आठवडाभर रेंगाळतो. म्हणून नकाशा उघडला की मी अंतर नंतर बघते. आधी समोच्च रेषा, मग धारेच्या कुठल्या अंगानं वाट जाते ते. अंगावर फुलांची दाटी हवी असेल तर उत्तर-पूर्वेकडचे ओलसर, काळ्या मातीचे उतार शोधायचे. उघड्या, कातळाळ धारेवर वारा मिळतो, फुलं कमी.

सह्याद्रीत मी चालायला शिकले तेव्हा फाल्गुन-चैत्रातला टप्पा पाण्यावर ठरायचा. कुठल्या गडाच्या टाक्यात अजून पाणी आहे आणि ते पिण्याजोगं आहे का, यावर मुक्काम अवलंबून. इथे उलट आहे. वसंतात ओढे भरून वाहतात, झरे जागे असतात, पाणी गाळून घेतलं की झालं. पाण्याची काळजी मिटल्यामुळे सगळं लक्ष उंचीकडे देता येतं, ही मला या डोंगरांची मोठीच कृपा वाटते.

जंगलाच्या तळाशी फुलणाऱ्या झाडांना फार थोडा वेळ मिळतो. बर्फ गेल्यावर आणि वर पानांचं छत धरायच्या आधी काही आठवडेच ऊन जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्यात ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी, ट्राउट लिली या वनस्पती उगवतात, फुलतात, बी धरतात आणि छत मिटेपर्यंत बऱ्याचशा दिसेनाशाही होतात. जूनमध्ये त्याच वाटेनं गेलात तर इथे काही होतं यावर विश्वास बसत नाही. ट्रिलियमला तर बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात, बहुधा सातेक किंवा त्याहून जास्त. तिच्या बियांना स्निग्ध गर चिकटलेला असतो. त्याच्या लोभानं मुंग्या बी उचलून नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. मुंगीच्या चालीनं पसरलेलं ते रान असतं. म्हणून तिथे फोटोसाठी वाटेबाहेर पाऊल टाकू नका, असं मी कळकळीनं सांगते. एक चिरडलेलं रोप म्हणजे अनेक वर्षांचं काम.

त्या ट्रिलियमसाठी माझा सगळ्यात आवडता टप्पा शेनंडोआच्या उत्तरेला आहे, पार्कच्या बाहेर. लिंडनजवळच्या मनॅसस गॅपपासून ॲशबी गॅपपर्यंत, सुमारे २० किलोमीटर. दोन खिंडींच्या मधली धार दोन हजार फुटांच्या वर जाते आणि वाट थॉम्पसन वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियातून जाते. एप्रिलच्या अखेरीस, मेच्या सुरुवातीला तिथला उतारच्या उतार पांढऱ्या ट्रिलियमनी भरतो. फूल जुनं होत जातं तशा पाकळ्या गुलाबी पडतात, त्यामुळे ताजं कुठलं आणि आठवड्यापूर्वीचं कुठलं हे चालता चालता वाचता येतं. खिंडी आठ-नऊशे फुटांवर आहेत. म्हणजे या एकाच टप्प्यात वसंताचे बारा-चौदा दिवस रचलेले मिळतात. खाली पानं उलगडलेली, वर अजून कळ्या. सावकाश चाललात तर सकाळी मागे गेलात आणि संध्याकाळी पुन्हा पुढे आलात असं होतं. एका दिवसात रेटण्यापेक्षा मध्ये मुक्काम करावा.

तारीख नेमकी कशी गाठायची? मी कॅलेंडरपेक्षा गल्लीतल्या रेडबडच्या झाडावर जास्त विसंबते. त्याची जांभळट गुलाबी फुलं गळायला लागली आणि हृदयाकार पानं दिसू लागली, की दोन हजार फुटांवर ट्रिलियम उघडायला आलेली असते, असा माझा अनुभव आहे. तुमच्या घराजवळचं एक झाड असंच निवडा आणि दरवर्षी त्याची नोंद ठेवा. दुसऱ्याच्या गावच्या तारखा फारशा कामी येत नाहीत. आणखी एक. थॉम्पसनमध्ये शिकारीला परवानगी आहे आणि एप्रिल-मेमध्ये रानटर्कीचा हंगाम असतो, तेव्हा भडक केशरी टोपी किंवा जाकीट घालूनच निघा.

लांबच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियात सगळी वाट चालायला निघालेल्यांची गर्दी असते, निवारे भरलेले असतात. एकांत हवा असेल तर तो काळ टाळा. स्मोकी माउंटन्समध्ये वाट उंच धारेवरून जाते आणि कुवोही या माथ्यावर ६,६४३ फुटांना पोचते. २०२४ पर्यंत याच माथ्याला क्लिंगमन्स डोम म्हणत. एप्रिलमध्ये तिथे वर हिवाळाच असतो. स्मोकीची एप्रिलमधली फुलं बघायची तर मुख्य वाट सोडून खालच्या ओढ्यांच्या काठानं फिरा. रोन हायलंड्सवर ऱ्होडोडेंड्रॉन जूनच्या मध्यानंतर फुलतं, त्याआधी घाई नको. व्हरमाँटला मेच्या अखेरपर्यंत जाऊच नये. बर्फ वितळून वाट लगद्यासारखी झालेली असते आणि चिखल चुकवायला लोक कडेनं चालतात, त्यानं वाट रुंदावते, मुळं उघडी पडतात. या सगळ्या वाटा स्वयंसेवक राखतात. आमच्या भागात हे काम १९२७ मध्ये स्थापन झालेला पोटोमॅक ॲपलेशियन ट्रेल क्लब करतो. फावडं घेऊन दगड बसवणारे हे लोक बघितले की चिखलाच्या मधून चालायला काही वाटत नाही. चिखल लागला तर मधूनच चालायचं.

टप्प्याची लांबी ठरवताना वसंतात हात आखडता ठेवा. रात्रीच्या थंडीसाठी जाड स्लीपिंग बॅग, पावसाचे कपडे, सुके मोजे असं सगळं घ्यावं लागतं आणि सॅक उन्हाळ्यापेक्षा जड होते. पालवीपूर्वी सावली नसते, त्यामुळे दुपारचं ऊन एप्रिलमध्येही लागतं. तेच ऊन आणि वारा गेल्या वर्षीचा पाचोळा खडखडीत वाळवतात. म्हणून व्हर्जिनियात १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात जंगलालगत दुपारी ४ च्या आधी उघड्यावर जाळ करायला कायद्यानं बंदी आहे. जेवण स्टोव्हवरच करा. मे उजाडला की खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड अंगावर चढते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. मुक्कामाला पोचल्यावर आधी गुडघ्यांच्या मागे आणि कमरेभोवती तपासा, चहा नंतर.

मध्येच बाहेर पडायची सोय कुठे आहे हेही निघण्याआधी पाहावं. शेनंडोआत वाट स्कायलाइन ड्राइव्हला वारंवार छेदते, म्हणून नवख्यांना आणि मुलांना घेऊन जायला मी तोच भाग सुचवते. मुक्कामाचा परवाना मात्र आधी काढावा लागतो.

मेमध्ये पुण्या-मुंबईहून बऱ्याच जणांचे आई-बाबा इकडे आलेले असतात, आणि त्यांना या वाटेवर न्यायचंच असतं. त्यांच्यासाठी शेनंडोआतला बिग मेडोज ते फिशर्स गॅप हा अडीच-तीन किलोमीटरचा तुकडा मेच्या दुसऱ्या आठवड्यात धरा. एक गाडी आधी फिशर्स गॅपला लावून ठेवा आणि बिग मेडोजकडून चालायला लागा, म्हणजे बहुतेक वाट उताराची राहते. थर्मास आणि एक हलकं जाकीट प्रत्येकाजवळ असू द्या. त्या उंचीवर तेव्हा पालवी नुकती फुटलेली असते आणि फांद्यांमधून शेनंडोआची दरी दिसते. जूनमध्ये नेलंत तर फुलांनी पांढरी झालेली माउंटन लॉरेल मिळेल, दरी पानांआड गेलेली असेल.