नळाची बोली

आमच्या खानदेशात पाणी आधी ऐकू येतं, मग दिसतं. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, धुळ्याला तापीचं आणि नकाणे, डेडरगाव तलावांचं. पण रोज नळ येण्याचं सुख दोन्ही शहरांना फारसं लाभलेलं नाही. म्हणून तोटी उघडी ठेवून झोपायची घरोघर रीत. पाणी मागून रेटू लागलं की पाइपातली हवा आधी बाहेर पडते. नळ फुसफुसतो, खाकरतो आणि घरातली बाई उठते. पुरुषांची झोप नेमकी त्याच वेळी गाढ असते!

आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. रात्री नळ आला की सकाळी वर्गात मुली कमी असतात, मुलं तेवढीच. गल्लीत पाणी कधी आलं ते हजेरीपटावरून सांगता येतं.

'आवाज' हा धडा शिकवताना आम्ही घरातले आवाज विचारले. मुलग्यांना मोबाईलच आठवला. मुलींनी मात्र यादीच दिली. मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. म्हणजे कंडेन्सर गेला किंवा पंखा अडकला. बटण लगेच बंद करावं, नाहीतर वाइंडिंग जळतं. चिरका आवाज बेअरिंगचा. तोटी झटकन बंद केली की भिंतीत धाडकन होतं, कारण धावतं पाणी अचानक अडतं आणि त्याचा जोर पाइपावर आदळतो. तोटी हळू फिरवावी, पाइप क्लिपांनी घट्ट बसवावा. गिझरमध्ये लाह्या फुटल्यासारखं वाजतं, तेव्हा बोअरच्या जड पाण्याचा क्षार कॉइलवर बसलेला असतो. थराखाली अडकलेलं पाणी उकळून तडतडतं.

आणि टपटप. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांच्या वर पाणी. जपून वापरलं तर पाच वक्तांच्या वजूला पुरून उरेल एवढं.

एक गोष्ट मात्र आम्हाला आवर्जून सांगावी लागली. सर्वांत घातक चीज आवाज करत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर किंवा निखाऱ्यांचा बंब असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि माणूस हाक मारायच्या आधीच कोसळतो. खिडकी उघडी हवी. गिझर न्हाणीघराच्या बाहेर असला तर उत्तम.

वाचकहो, पुस्तकात नसलेलं हे इल्म मुलींनी झोप देऊन मिळवलं आहे. म्हणून आम्ही त्या दिवशी गृहपाठ फक्त मुलग्यांना दिला: पुढच्या पाण्याच्या रात्री तोटीजवळ तुम्ही झोपायचं, हंडे तुम्ही भरायचे आणि सकाळी बहिणीला वेळेवर शाळेत आणायचं.