तिकीट स्वस्त, पाळोळे लांब!

गोव्याचं बुकिंग करताना आपण काय बघतो? विमानाचं तिकीट आणि खोलीतून समुद्र दिसतो का, एवढंच. मधला रस्ता? 'तिथे गेल्यावर बघू!' गेल्या डिसेंबरात हाच फंडा मला सॉलिड महागात पडला.

आईचा पहिला विमानप्रवास. शनिवार-रविवारची धावती ट्रिप. पाळोळ्याच्या वाळूत बसून तिला सूर्यास्त दाखवायचा, बस्स! मोपाचं तिकीट दाबोळीपेक्षा दोन हजारांनी स्वस्त मिळालं आणि मी खूश. दोन्ही गोव्यातच ना! पण मोपा पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला आणि पाळोळे काणकोणात, पार दक्षिणेला. मध्ये शंभरेक किलोमीटर. दाबोळीहून हेच अंतर साठेक.

दुपारी दीडला उतरलो. टॅक्सीचा आकडा वाचवलेले दोन हजार गिळून वर आणखी मागणारा. आई कानाशी कुजबुजली, "एवढ्यात महिन्याचा किराणा येतो गं. बस नाही का?"

बस होती. कदंबची, पणजीपर्यंत. पणजीच्या स्टँडवर मडगाव शटलसाठी रांग, आधी खिडकीवर तिकीट आणि मग बस. झुआरीच्या नव्या पुलावर आईनं खिडकीला नाक लावलं, तेव्हा वाटलं, जमलं की! पण मडगावहून काणकोणची बस दर वळणावर कुणालातरी उतरवत निघाली. करमल घाटात शिरलो तेव्हा सहा वाजले होते. दोन्हीकडे दाट झाडी, वर नारिंगी आभाळ. सूर्य पलीकडे कुठेतरी बुडत होता. काणकोणला रिक्षा करून किनाऱ्यावर पोचलो तर काळोख. परतीचं विमानही मोपाहूनच, म्हणजे रविवारी सकाळीच निघायचं.

"लाटा ऐकू येतायत ना, झालं तर मग," आई म्हणाली. तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून मला ते दोन हजार टोचत राहिले.

म्हणून सांगते, आधी किनारा ठरवा, मग विमानतळ. हरमल, मांद्रे, मोरजीला जायचंय? मोपा बेस्ट. कोलवा, बाणावली, पाळोळे? दाबोळीच बघा, तिकीट थोडं महाग असलं तरी. वेळ हाताशी असेल तर कोकण रेल्वेचा विचार करा, काणकोणला स्टेशन आहे. तिथून पाळोळे जवळ.

चौघं असाल तर टॅक्सीचं भाडं वाटलं जातं, टेन्शन नाही. प्रीपेड काउंटर आणि २०१८ मध्ये सुरू झालेलं गोवामाइल्स ॲप, दोन्हीकडचे दर बघून मगच हो म्हणा. एकटे, पाठीवर एक सॅक आणि अख्खी दुपार मोकळी? मग बिनधास्त कदंब पकडा, खिडकीतून अर्धा गोवा फुकटात दिसतो. मुक्कामी पोचल्यावर स्कूटर घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे. आणि सोबत आई-बाबा असतील तर गाड्या बदलण्याचा हिशेब पैशांत करू नका, गुडघ्यांत करा.

परवा आईनं विचारलं, "तो सूर्यास्त राहिला ना गं आपला?" या वेळी मी आधी नकाशा उघडलाय. तिकिटं नंतर.