पण निवडून येईल का?

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर वाचकांनी त्या पोटात घालाव्यात. (मराठी विभागात तू काय करतेयस, हे आमच्या विंगमधल्या सगळ्यांनी विचारून झालंय!)

तर गोष्ट आहे ५ जुलै २०२४ ची. रात्रीचे अडीच. ब्रिटनमध्ये तेव्हा ४ जुलैच्या रात्रीचे दहा वाजत होते. मतदान संपलं होतं आणि एक्झिट पोल लागणार होता. मी खरं तर जर्नल पूर्ण करायला जागी होते, पण एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात मोबाईल. आकडा आला : मजूर पक्षाला ४१० जागा! प्रत्यक्ष निकालात ६५० पैकी ४११ आल्या. कीर स्टार्मर पंतप्रधान झाले.

दुसऱ्या दिवशी मतांची टक्केवारी पाहिली आणि मला वाटलं, कॅल्सी बिघडला. स्टार्मरना मतं होती ३३.७ टक्के, म्हणजे साधारण ९७ लाख. २०१७ मध्ये त्याच पक्षाचे जेरेमी कॉर्बिन ४० टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी २९ लाख मतं घेऊनही २६२ जागांवर अडकले होते. आणि 'हा माणूस निवडून येणारा नाही' असं सगळे म्हणत होते ते कॉर्बिनबद्दल!

उत्तर तसं सोपं आहे. तिथेही आपल्यासारखंच, मतदारसंघात ज्याची मतं जास्त तो जिंकला. २०२४ मध्ये हुजूर पक्षाची मतं 'रिफॉर्म यूके'ने खाल्ली. २०१७ मध्ये ती फुटली नव्हती. म्हणजे जिंकणं हा फक्त उमेदवाराचा गुण नाही, समोर कोण आहे आणि मतं कशी विभागली यावरही ते अवलंबून असतं.

आपल्याकडे पेपरात याला 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात. तिकडे 'इलेक्टेबिलिटी'. तेव्हापासून या शब्दाने माझा पिच्छा पुरवला. का ते शेवटी सांगते.

हा शब्द अगदीच खोटा आहे असं मात्र नाही. १९८३ मध्ये मायकेल फूट यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं आणि २०९ जागा मिळाल्या होत्या. फूट विद्वान, तत्त्वाचे पक्के. पण लोकांनी नाकारलं. त्यानंतर नील किनॉक दोनदा हरले. १९९४ मध्ये टोनी ब्लेअर आले, त्यांनी पक्षाच्या घटनेतलं उद्योगांच्या सार्वजनिक मालकीचं कलम १९९५ मध्ये बदलून घेतलं आणि १९९७ मध्ये ४१८ जागा आणल्या. खुद्द कॉर्बिनसुद्धा २०१९ मध्ये २०२ जागांपर्यंत घसरले, १९३५ नंतरची सर्वांत वाईट कामगिरी. म्हणजे 'निवडून येईल का?' हा प्रश्न विचारणारे काही मूर्ख नसतात.

गडबड होते ती उत्तर देताना. अमेरिकेत २००४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे हॉवर्ड डीन इराक युद्धाच्या विरोधात उघडपणे बोलत होते. इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून ते आघाडीवर होते. पण आयोवा राज्यात मतदारांनी विचार केला, बुशना हरवायला कोण बरा? जॉन केरी! व्हिएतनाम युद्धातले पदकविजेते, त्यांना कोण भित्रा म्हणणार? डीन तिसरे आले. (त्यांची ती गाजलेली आरोळी हरल्यानंतरची आहे, ती ऐकून ते हरले नाहीत.) पुढे काय झालं? केरींच्या त्याच युद्धसेवेवर संशय घेणाऱ्या जाहिराती निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये केरी हरले. जो गुण बघून निवडलं, नेमका त्यावरच घाव! डीन जिंकले असते का, हे सांगता येत नाही. परीक्षाच दिली नाही तर मार्क कुठून येणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते २००८ चं उदाहरण. २००७ संपेपर्यंत अनेक कृष्णवर्णीय मतदार बराक ओबामांच्या नाही, हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते. ओबामा आवडत नव्हते असं नाही. 'गोरे लोक याला मत देणार नाहीत, मग आपलं मत कशाला वाया घालवा?' असा हिशोब होता. मग ३ जानेवारी २००८ ला बहुसंख्य गोऱ्यांच्या आयोवात ओबामा जिंकले आणि हिशोबच बदलला. २६ जानेवारीला साऊथ कॅरोलिनात त्यांनी ५५ टक्के मतं घेतली. उमेदवार तोच, भाषणंही तीच. बदलला तो फक्त 'बाकीचे काय करतील' याचा अंदाज.

आता का लागलं ते सांगते. सेकंड इयरला आमच्या वर्गात सी.आर.ची निवड होती. माझ्या रूममेटला उभं राहायचं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. कोणाचा कोणता विषय राहिलाय हे तिला पाठ. कूलर बंद पडला तेव्हा रेक्टर मॅडमच्या मागे लागून तिनेच तो दुरुस्त करून घेतला होता. तिने मला विचारलं, "उभी राहू का गं?" मी म्हणाले, "अगं, मला तूच हवी आहेस. पण एच.ओ.डी.शी इंग्लिशमध्ये बोलावं लागतं. बाकीचे तुला मत देणार नाहीत." ती "बरं" म्हणाली आणि उभी राहिली नाही.

पुढे कधीतरी मेसमध्ये विषय निघाला. एकीने सांगितलं, "मी तिलाच मत दिलं असतं, पण ती येणार नाही असं वाटलं." दुसरीही तेच म्हणाली. आणि तिसरीही. मी भाजीत बघत बसले. ज्या 'बाकीच्यां'च्या नावावर मी तिला थांबवलं होतं, ते बाकीचे म्हणजे आम्हीच होतो! तिच्या इंग्लिशची अडचण दुसऱ्या कोणाला नव्हतीच कदाचित. ती माझ्याच कॉन्व्हेंटी डोक्यात होती आणि मी ती वर्गाच्या नावावर खपवली.

ती आली असती की नाही, कोणास ठाऊक. मते मोजलीच गेली नाहीत.

यंदा पुन्हा निवड आहे. मी तिला विचारलं, तर "बघू" म्हणाली, आणि असाइनमेंट लिहीत बसली. या वेळी मी अंदाज वर्तवला नाही. एवढंच सांगितलं, "माझं एक मत धर. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."