वैशाखांतील उरुळी कांचन

पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर उरुळी कांचन लागतें. १९४६ सालीं महात्माजींनीं येथें निसर्गोपचार सुरू केले. १९६७ सालीं त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई यांनीं येथेंच गोसंवर्धनाची संस्था स्थापिली. गेल्या वैशाखांत तिकडे जाण्याचा योग आला.

जवळच्या एका वाडीवर भर दुपारीं गोठ्यांत दोन गाई पाहिल्या. सैल कातडीची गीर निवांत रवंथ करीत होती. संकरित होल्स्टीन मात्र तोंड उघडून धापा टाकीत होती. थंड हॉलंडचें रक्त तें! हवा पंचवीस अंशांपलीकडे गेली कीं तिचा जीव कासावीस होतो. चारा पचतांनाहि अंगांत ऊब निर्माण होते, म्हणून ती खाणेंच कमी करते. मग दूध आटतें. दूध एक वेळ परत येईल. पण उन्हांत माज मुका राहतो, नाहीं तर रात्रीं येऊन ओसरतो; आणि भरवली तरी कोवळा गर्भ पुष्कळदां पहिल्या आठवड्यांतच जिरतो.

“तीनदां उलटली, गुरुजी,” घरधनी म्हणाला. “हिच्याच दुधावर कर्जाचे हप्ते. विकून टाकूं काय?”

“थंडीपर्यंत थांबा,” मीं म्हटलें. “वैरण रात्रीं घाला, पाणी सावलींत ठेवा.”

तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या कारभारणीनें मात्र बादली उचलली आणि गाईच्या पाठीवर पाणी ओतूं लागली.